हातचा

ओदिल्या बार्रिया बत्तीस वर्षं शाळेत सूप वाढायची.
प्रत्येकाला एक डाव, आणि पातेल्याच्या तळाशी
नेहमी दोन डाव राहिलेले,
उशिराच्या होडीनं येणाऱ्या पोरांसाठी.
आता ती आमच्या अग्निशामक दलाची खजिनदार.

आम्ही एकोणीस जण. पगार कुणालाच नाही.
उलट महिन्याला दोन हजार पेसो आम्हीच भरतो
मध्यरात्री उठून भिजायला मिळावं म्हणून.
गाडी एक, परदेशातून जुनी होऊन आलेली,
बटणांवर अजून जर्मन अक्षरं.
कुठलं बटण कशाचं हे फक्त नोल्बेर्तोला ठाऊक,
आणि तो दरवर्षी म्हणतो, यंदा सोडणार.

मार्चमध्ये ओदिल्या अंदाजपत्रक वाचते.
बेरीज मोठ्यानं, पेन्सिल हवेत:
नऊ नि आठ सतरा, सतराचे सात, हातचा एक.
डिझेल. विमा. होजपाइप. चुलीचं लाकूड.
मग शेवटची ओळ:
राखीव, तीन महिन्यांचा खर्च, हात लावायचा नाही.

हात लावायला मी उठलो होतो.
तेवीस वर्षांचा होतो. दलाचा पन्नासावा वर्धापनदिन.
पलीकडच्या बेटावरचा नवा भोंगा
खाडी ओलांडून आमच्या गावात ऐकू यायचा,
आमचा आमच्याच गल्लीत खोकायचा.
'पैसे नुसते पडून आहेत,' मी म्हणालो.
'पडून नाहीत,' ती म्हणाली, 'पहाऱ्यावर आहेत.'
सगळे हसले. मला राग आला तो अजून आठवतो.
अकरा विरुद्ध सात. एक जण झोपलेला.
भोंगा खोकत राहिला.

सामन माशांच्या कंपनीनं चार लाख दिले
तेव्हाही तेच. पावतीवर लिहिलेलं, फक्त बूट.
डिझेलची टाकी तळाला, आणि आम्ही बूट मोजतोय.
कोण बघतंय, मी म्हटलं.
तिनं डब्याचं झाकण लावलं.

जुलै. जूनचं सरकारी अनुदान आलं नव्हतं.
फोनवर एक बाई रोज सांगायची, प्रक्रिया सुरू आहे.
बाहामोंदेंचं धुराडं पेटलं त्या रात्री
चर्चच्या चढावर गाडीचा क्लच गेला.
नोल्बेर्तोनं सगळी जर्मन बटणं दाबून पाहिली.
आम्ही पंप खांद्यावर घेतला, शेजारी बादल्या घेऊन आले,
पाऊस होता, पण कामाचा नव्हता.
अर्धं छप्पर वाचलं. म्हातारी वाचली. कोंबड्या नाही.

सकाळी बैठक उभ्या उभ्याच झाली.
क्लच, मेकॅनिक, त्याच्या बोटीचं भाडं:
आठ लाख चाळीस हजार.
ओदिल्यानं पासबुक आणलं, स्वेटरच्या आत, कोरडं.
सही करण्याआधी पेन थांबलं.
वाटलं, आता ती माझ्याकडे बघेल.
तिनं बघितलं नाही. तिला आकडे दिसत होते,
मी त्यांत कुठं नव्हतो.

पाचव्या दिवशी गाडी चढावर चढली.
आणि नंतर, खरं सांगतो, त्या हिवाळ्यात
एकही घर पेटलं नाही.
नवा क्लच शेडमध्ये उभा. आम्ही पत्ते खेळायचो.
कुणीतरी म्हणालंच, मग उगाच घालवले का?
मी पानं पिसत राहिलो. उत्तर माझ्याकडे नव्हतं,
आणि प्रश्नही मला आता तितका आवडत नव्हता.

सप्टेंबरात अनुदान आलं, कापून.
वहीत राखीवसमोर शून्य,
फळ्यावर काढावं तसं गोल.
त्याखाली लगेच नवी सोडत: बक्षीस एक कोकरू.
मी चार तिकिटं घेतली
आणि माझं नशीब असं की मीच जिंकलो.

कोकरू बगलेत घेऊन तिच्या दारात गेलो.
'परत घ्या. दलाला.'
तिनं पेन्सिल उचलली, चष्म्यावरून पाहिलं.
'कशासाठी? बूट? भोंगा?'
'अट नाही,' मी म्हणालो.
कोकरानं तेवढ्यात माझी बाही ओली केली.
ती लिहीत होती, ओठ हलवत, सूप वाढावं तशी सावकाश:
कोकरू, एक. हातचा.